दूरचित्रवाणी संचासमोर शिकायला कसे बसावे

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्राच्या जुन्या काळात निर्माते आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाभोवती महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे उभी राहिली होती. घरोघरी संच नव्हते, त्यामुळे लोक एकत्र बसून कार्यक्रम पाहत आणि संच बंद झाल्यावर पाहिलेल्या गोष्टीवर बोलत. आज संच घरोघरी आहे, शिक्षणाला वाहिलेल्या वाहिन्या शेकड्याने मोजाव्या लागतात, आणि तरीही ‘मुले टीव्हीवरून काही शिकत नाहीत’ ही तक्रार ऐकू येतेच, कारण संच आला आणि मंडळ गेले. ते मंडळ, मग ते आजी आणि नात अशा दोघींचेच का असेना, घरात पुन्हा कसे बसवावे याची रीत पुढे सांगितली आहे.

छत्री, बॉक्स आणि वाहिन्या

ज्यांच्याकडे केबल किंवा खासगी डीटीएच आहे, त्यांनी आपल्या जोडणीत कोणत्या शैक्षणिक वाहिन्या येतात हे आधी तपासावे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सर्वांत स्वस्त वाट आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री (म्हणजे डिश अँटेना), तिच्यासमोर बसणारा, लहरी टिपणारा एलएनबी हा भाग आणि सेट टॉप बॉक्स यांचा खर्च एकदाच करावा लागतो. बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ या नव्या चित्रसंकेत पद्धतीचा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या उघडतच नाहीत.

ही छत्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहाकडे रोखावी लागते. पुण्यातून पाहता तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. नागपूरकरांना छत्री थोडी अधिक दक्षिणेकडे वळवावी लागते. म्हणून गच्चीवर उभे राहून आग्नेयेकडे पाहावे आणि तिकडे इमारत, टाकी किंवा झाड आडवे येत नाही ना, हे छत्री बसवण्यापूर्वीच पाहून घ्यावे. आमची छत्री मे महिन्यात बसवली तेव्हा समोरचा शेवगा छाटलेला होता. श्रावणापर्यंत तो फोफावला, चित्र फुटू लागले, आणि आम्ही दोन आठवडे बॉक्सला दोष देत बसलो. मुसळधार पावसात चित्र काही वेळ जाणे मात्र स्वाभाविक आहे, कारण या सेवेच्या कू-बँड लहरी पावसात शोषल्या जातात. सर कमी झाली की चित्र आपोआप परत येते. त्या वेळी छत्री हलवू नये. एखादी वाहिनी अचानक नाहीशी झाली, तर वाहिन्यांची रचना बदललेली असू शकते, हे लक्षात घेऊन बॉक्सवर नव्याने वाहिन्या शोधाव्यात.

शिक्षणाच्या दृष्टीने दोन वाहिनीसमूह ओळखीचे असावेत. स्वयंप्रभा हा समूह जुलै २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनिशी सुरू झाला आणि त्यात महाविद्यालयीन व तांत्रिक शिक्षणाचा भाग मोठा आहे. दररोज किमान चार तासांचा नवा मजकूर दाखवायचा आणि दिवसभरात तो आणखी पाच वेळा पुन्हा दाखवायचा, अशी त्याची मूळ आखणी आहे. म्हणजे सकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत हुकलेले व्याख्यान रात्री पाहता येते. पीएम ई-विद्या या उपक्रमाची घोषणा मे २०२० मध्ये झाली आणि पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या त्यात होत्या. राज्यांना आपापल्या भाषांत शिकवता यावे म्हणून ही संख्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली. छत्री शक्य नसेल तर यातील बराच मजकूर इंटरनेटवरही मिळतो; मात्र तिथे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी, अन्यथा अपूर्णांकांवरून क्रिकेटवर जायला दहा सेकंदही लागत नाहीत.

रविवारी ठरवावे, रोज नव्हे

काय पाहायचे हे संच लावल्यावर ठरवू नये. रविवारी वेळापत्रक पाहून येत्या आठवड्यासाठी दोन, फार तर तीन कार्यक्रम निवडावेत आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत मुलाच्या हातूनच त्यांची वेळ लिहून घ्यावी. मुलाने स्वतः लिहिलेली वेळ सहसा चुकत नाही. शालेय विषयाचा कार्यक्रम शाळेत तो धडा होऊन गेल्यावर दाखवावा असे माझे मत आहे; धडा होण्यापूर्वी दाखवला तर मूल वर्गात ‘हे मला माहीत आहे’ म्हणून कान बंद करते, आणि माहीत असतेच असे नाही.

मराठी माध्यमातील मुलाला हिंदी कार्यक्रम दाखवताना गणिताच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. मराठीतील वर्तुळाला हिंदीत वृत्त म्हणतात, अपूर्णांकाला भिन्न म्हणतात आणि दशांशाला दशमलव. ‘भिन्न’ म्हणजे वेगळे, एवढेच ठाऊक असलेले पाचवीतील मूल पाऊण तास गोंधळून बसते आणि दोष मात्र गणिताला देते. असे पाच-सहा शब्द कागदावर लिहून संचाशेजारी चिकटवले तरी पुरते.

कार्यक्रमाची पारख करण्यासाठी एक साधी युक्ती आहे. दोन मिनिटे आवाज बंद करून पाहावे. चित्रात काही घडत असेल, बी रुजत असेल, द्रव रंग बदलत असेल, नकाशावर नदी पुढे सरकत असेल, तर कार्यक्रम लहान मुलांसाठी ठेवावा. केवळ फळ्यासमोर बोलणारी व्यक्ती दिसत असेल, तर तो मोठ्यांसाठी उत्तम असू शकतो. आठ वर्षांच्या मुलासाठी बहुधा नसतो.

वयाची मर्यादाही पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील सूचनांनुसार एक वर्षाखालील मुलांना पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासाहून अधिक असू नये. शैक्षणिक कार्यक्रम त्या तासात धरायचा असतो, त्याच्या बाहेर नव्हे.

संचासमोरचा अर्धा तास

कार्यक्रमापूर्वी पाच मिनिटे संच बंदच ठेवावा आणि मुलाला एक प्रश्न द्यावा, ज्याचे उत्तर त्याला अंदाजाने का होईना द्यावे लागेल. अंदाज चुकला तरी हरकत नाही. तो चुकला की मूल पडद्याकडे पाहायला कारण मिळवते. कार्यक्रम सुरू असताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे, मोबाइल बाजूला ठेवून. पडद्यावरील शिक्षकाने प्रश्न विचारला तर मुलाने उत्तर मोठ्याने द्यावे. मोठ्या माणसाने स्वतः उत्तर देण्याचा मोह टाळावा. हे दिसते त्याहून अवघड आहे आणि निवृत्त शिक्षकांना तर फारच अवघड जाते.

खरे काम मात्र संच बंद झाल्यावर होते. सहावीतील एका मुलाबरोबर मी चंद्रग्रहणाचा कार्यक्रम पाहिला. त्यात दिवा होता, चेंडू होता, पृथ्वीची सावली होती, आणि शेवटी मुलाने ‘समजले’ म्हणून सांगितले. मी विचारले, ‘मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?’ तो गप्प झाला. आम्ही खोलीत अंधार केला, फळीवर मोबाइलची बॅटरी लावून ठेवली, एका लिंबात पेन्सिल खोचली आणि त्याला ती हात लांब करून धरायला सांगितली. त्याचे डोके म्हणजे पृथ्वी. तो जागच्या जागी वळत गेला तसतशी लिंबावर कोर दिसली, अर्धा चंद्र दिसला, आणि बॅटरीकडे पाठ होताच लिंबू दरवेळी त्याच्याच डोक्याच्या सावलीत बुडाले. दरवेळी ग्रहणच! तीन फेऱ्यांनंतर दमून त्याचा हात जरासा वर गेला आणि लिंबू एकदम लख्ख उजळले. ‘चंद्र वरून जात असणार,’ तो म्हणाला. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली असते, हे मी त्यानंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा निवेदकाच्या तोंडी कललेल्या कक्षेचे वाक्य आले आणि मुलाने विचारले, ‘काल हे कुठे होते?’ ते कालही तिथेच होते.

पुनःप्रक्षेपणाला कंटाळू नये ते यासाठी. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या बालमालिकेचा एकच भाग सुरुवातीला सलग पाच दिवस दाखवला जात असे. पहिल्या दिवशी मुले निमूट पाहत आणि भाग ओळखीचा होत गेला की पडद्याला ओरडून उत्तरे देत. मूल एखादा भाग पुन्हा मागत असेल, तर ते टाळाटाळ करत नाही, त्याचे काम अर्धवट राहिलेले असते. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या पहिली ते आठवीसाठीच्या ‘टिलीमिली’ मालिकेनेही घरात व परिसरात करता येणाऱ्या कृतींवर भर दिला होता. असा कार्यक्रम लागणार असेल तेव्हा लागणारे साहित्य, म्हणजे मूठभर मटकी, दोरा, काड्या, तराजूसाठी दोन झाकणे, आधीच एका डब्यात काढून ठेवावे. कृती करायची वेळ आली आणि आई दोरा शोधायला उठली की धडा तिथेच संपतो.

मोठ्यांनी शिकताना

प्रौढांची अडचण वेगळी असते. त्यांना निवड फार असते आणि पूर्ण काहीच होत नाही. म्हणून एका वेळी एकच विषय घ्यावा आणि त्याची सर्व व्याख्याने क्रमाने पाहावीत. व्याख्यान चालू असताना भराभर लिहून घेण्याऐवजी ते संपल्यावर संच बंद करून आठवेल तेवढे वहीत लिहावे, आठवले नाही तिथे रिकामी ओळ सोडावी आणि पुनःप्रक्षेपणाच्या वेळी फक्त त्या ओळी भरण्यासाठी बसावे. प्रमाणपत्र हवे असल्यास ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करून परीक्षा द्यावी लागते; केवळ वाहिनी पाहून ते मिळत नाही.

ज्यांचे वाचन कच्चे राहिले आहे त्यांच्यासाठी गाणी हा उत्तम वर्ग आहे. ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना एक कल्पना पुढे आणली: गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याखाली दाखवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप अक्षरांमागून जातात. १९९९ मध्ये गुजराती ‘चित्रगीत’ कार्यक्रमात ती वापरली गेली आणि पुढे ‘चित्रहार’ व ‘रंगोली’पर्यंत पोचली. घरी हाच प्रयोग करायचा असेल तर पाठ असलेले मराठी गाणे किंवा अभंग घ्यावा, त्याचे शब्द मराठीतच पडद्यावर येतील अशी ध्वनिचित्रफीत शोधावी आणि तेच गाणे आठवडाभर लावावे. इंग्रजी उपशीर्षके या कामी उपयोगाची नाहीत. कर्णबधिर व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी भारतीय सांकेतिक भाषेला वाहिलेली पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून आहे. ती घरच्या सर्वांनी मिळून पाहावी, कारण एकट्यानेच शिकलेल्या भाषेत घरात बोलायला कोणी नसते.

सोसायटीत किंवा वाडीत मंडळ बसवायचे असल्यास

साइट (सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट) या उपग्रह-शिक्षणाच्या प्रयोगात ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहामार्फत कार्यक्रम पोचवले गेले. संच सामूहिक होते. सकाळी शाळेतील मुले पाहत आणि संध्याकाळी प्रौढ. तीच विभागणी आजही सोयीची पडते. आमच्या सोसायटीत शनिवारी पाच वाजता मुले आणि सात वाजता मोठी माणसे बसतात. मुलांची संख्या बारापर्यंतच ठेवावी, त्याहून अधिक झाली की मागची रांग पाहण्याऐवजी खोड्या काढते. बैठक जमिनीवर सतरंजीवर असावी. खुर्च्या मांडल्या की लोक प्रेक्षक होतात. दर आठवड्याला पुढच्या कार्यक्रमाचा प्रश्न तयार करण्याची पाळी वेगळ्या घराकडे द्यावी, म्हणजे ते काम एकाच उत्साही माणसाच्या गळ्यात पडत नाही.

आणि कार्यक्रम संपताच संच बंद करावा. तो चालू राहिला की पुढची जाहिरात लागते, कोणीतरी ‘बातम्या लावा’ म्हणते आणि लिंबू, दोरा, मटकी सगळे डब्यातच राहते. आमच्याकडे रिमोट दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, आणि मंडळ उठेपर्यंत ते तो कोणाला देत नाहीत.