लग्नाची सजावट कशी ठरवावी: सुरुवात रिकाम्या हॉलपासून

सजावटीचं बोलायला आलेले लोक बसल्याबसल्या मोबाइल पुढे सरकवतात. "हे असं हवंय." फोटोत वीसेक फूट उंच छत, एका बाजूला मोठाल्या खिडक्या, कलती उन्हं आणि मधोमध फुलांनी लगडलेली कमान. मी विचारते, तुमच्या हॉलचं छत किती उंच आहे? कुणाला माहीत नसतं. लग्न सकाळी की रात्री? "रात्री." म्हणजे त्या फोटोतली निम्मी जादू उन्हाची होती आणि ती आपल्याकडे येणारच नाही.

गेली चौदा वर्षं मी हेच काम करते. मोबाइलवर ठरवलेली सजावट आयत्या वेळी दगा देते. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून ठरवलेली सहसा तडीस जाते. म्हणून क्रम खाली आहे तसाच ठेवा. त्यात फुलं पाचव्या क्रमांकावर आहेत आणि ती तिथे मुद्दाम ठेवली आहेत.

१. हॉल बघा, पण लग्नाच्याच वेळेला

संध्याकाळी सातचं लग्न असेल तर हॉल सकाळी अकराला बघून उपयोग नाही. संध्याकाळी सातलाच जा आणि तिथले सगळे दिवे लावायला सांगा. मग जोडपं उभं राहणार आहे त्या जागी कुणालातरी उभं करून साध्या मोबाइलने एक फोटो काढा. पाठीमागे खिडकी असेल आणि बाहेर उजेड असेल, तर चेहरा काळा पडून नुसती आकृती दिसेल. हा दोष कितीही फुलं लावून झाकत नाही. स्टेजची जागाच बदलावी लागते आणि ती त्या दिवशीच बदलता येते, कारण अजून काही छापलेलं नसतं, काही ठरलेलं नसतं.

तिथे असताना मॅनेजरला चार गोष्टी विचारून घ्या. आत यायला किती वाजल्यापासून मिळेल? आमच्या आधी त्याच दिवशी दुसरा कार्यक्रम आहे का? छताला किंवा भिंतीला काही टांगता, ठोकता, चिकटवता येतं का? उघडी ज्योत चालते का? मेणबत्त्यांना परवानगी मिळाली तरी त्या काचेच्या उंच ग्लासातच ठेवा. ज्योत काचेच्या काठापेक्षा चांगली खाली राहिली पाहिजे.

२. मापं, लिफ्टचीसुद्धा

लांबी, रुंदी, उंची सगळेच मोजतात. दरवाजा आणि लिफ्ट मोजायची राहून जाते. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी नऊ फुटी कमान एकसंध वेल्ड करून नेली. लिफ्टचं दार सात फुटांचं निघालं आणि जिन्याच्या वळणावर कमान अशी अडकली, की शेवटी करवत आणावी लागली. तेव्हापासून माझा प्रत्येक सांगाडा तुकड्यांत जातो आणि नट-बोल्टने वर जोडला जातो. प्लगपॉइंट कुठे आहेत तेही त्याच कागदावर लिहा. कुठल्याही दिव्याची जागा ठरवताना त्याची वायर लोकांच्या वाटेतून जाणार नाही ना, हे आधी बघायचं.

लग्न उघड्यावर असेल तर आणखी एक हिशेब असतो. स्टेजच्या मागे ताणून लावलेला कापडी पडदा, म्हणजे बॅकड्रॉप, हा जहाजाचं शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दुपारी स्थिर वाटणारा सांगाडा संध्याकाळच्या एका झोताने आडवा होतो. पायाशी वजन हवंच. त्यासाठी पाण्याचे ड्रम सोपे पडतात. लिटरला किलो, म्हणजे दोनशे लिटरचा भरलेला ड्रम दोनशे किलोचा. पुढे झालर लावली की ते दिसतही नाहीत. कापडालाही वारा आरपार जायला जागा ठेवा. सुट्ट्या पट्ट्या किंवा जाळी चालते.

३. नजर कुठे थांबते ते ठरवा

सगळीकडे थोडंथोडं केलं की कुठेच काही केल्यासारखं वाटत नाही. पाहुणा दारातून आत येतो तेव्हा एकदा थांबतो, जोडप्याकडे बघत बराच वेळ बसतो आणि मग जेवायला टेबलाशी बसतो. प्रवेश, स्टेज आणि टेबल ही तीन ठिकाणं. बहुतेक पैसा तिथे घाला. बाकीच्या जागा नीटनेटक्या ठेवा, उगाच झाकत बसू नका. हॉलचे पडदे डोळ्यांत खुपत असतील तर ते बांधून टाका, जास्तीच्या खुर्च्या उचलून आत न्या. हे फुकटात होतं आणि फरक मोठा पडतो.

स्टेजच्या बॅकड्रॉपची रुंदी कॅमेऱ्याच्या हिशेबाने ठरते. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला साधारण दीड फूट लागतो. दहा जणांचा फोटो म्हणजे पंधरा फूट. बॅकड्रॉप बारा फुटांचा असेल तर कडेची दोन माणसं आग विझवायच्या सिलिंडरसमोर उभी राहतात आणि अल्बममध्ये ती तिथेच राहतात. कापडाच्या चुण्या भरघोस दिसायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं. मोजून तेवढंच लावलं तर चादर वाळत घातल्यासारखी दिसते.

४. उजेड

माझ्या हातात पैसे कमी असतील तर मी फुलं कमी करते, दिवे कमी करत नाही. साध्या फुलांवर चांगला उजेड पडला तर ती उठून दिसतात. महागातली महाग फुलंही अंधारात नुसता ढीग वाटतात.

दिव्याचा पांढरा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि तो आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ऊबदार उजेड. ५००० च्या पुढे निळसर, ऑफिसात असतो तसा. चेहऱ्याला ऊबदार बरा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हींची भेसळ नको. हॉलच्या ट्यूबलाइट निळसर आणि तुमचे दिवे पिवळे असले, की एकाच चेहऱ्याची एक बाजू केशरी आणि दुसरी निळी दिसते. फोटोग्राफर ते नंतरही पूर्ण सुधारू शकत नाही. तेव्हा स्टेजवरच्या ट्यूब बंद ठेवायच्या, असं आधीच ठरवून घ्या आणि ते बटण कुठे आहे तेही बघून ठेवा.

रंगीत दिवे भिंतीसाठी आणि कापडासाठी. माणसावर रंग पडता कामा नये. एकदा पानांचा भास व्हावा म्हणून मी स्टेजच्या दोन्ही बाजूंना हिरवे पार लाइट, म्हणजे रंगीत झोत टाकणारे डबेवजा दिवे, लावले. डोळ्यांना सुंदर दिसत होतं. फोटो आले तेव्हा सगळं घर नुकतंच आजारातून उठल्यासारखं दिसत होतं. त्या घरच्या बाईंनी मला काही म्हटलं नाही, नुसता अल्बम पुढे ठेवला. त्यानंतर मी एक नियम पाळते: चेहऱ्यावर समोरून, थोडा उंचावरून आणि बाजूने येणारा ऊबदार पांढरा उजेड, दोन्हीकडून. डोक्याच्या थेट वरून पडणारा दिवा डोळ्यांखाली खड्डे पाडतो.

टेबलावरच्या फुलांसाठी छतावरून बारीक झोत सोडणारा पिनस्पॉट मिळतो. पाहुण्यांना तो दिसत नाही, पण फुलं आतून उजळल्यासारखी वाटतात. एवढी एकच चैन करायची असेल तर ही करा. स्वस्त एलईडी मंद केले की व्हिडिओत आडवे पट्टे फिरताना दिसू शकतात. म्हणून दिवे लावून झाल्यावर मोबाइलने स्लो मोशनमध्ये दहा सेकंद शूट करून बघा. लगेच कळतं.

शेवटी विजेची बेरीज. प्रत्येक दिव्याचे वॅट लिहा, त्यात साउंडवाल्याचे आणि एलईडी स्क्रीनचे मिळवा आणि तो आकडा हॉलच्या इलेक्ट्रिशियनला द्या. ही बेरीज कुणीच करत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं ती दुसऱ्याने केली असेल.

५. आता फुलं

फूल नावाने मागू नका. रंग, आकार आणि ते किती तास पाण्याविना टिकायला हवं हे सांगा. 'मला हाच गुलाब हवा' म्हटलं आणि त्या दिवशी बाजारात तो आलाच नाही, तर आयत्या वेळी तुमच्याऐवजी कुणीतरी तिसराच निर्णय घेतो. 'फिकट पीच, मुठीएवढं फूल' असं सांगितलं तर चार पर्याय निघतात. पर्याय कोणते लावणार ते आधीच लिहून घ्या.

कमानीवर पाणी पोचत नाही, तिथे ऑर्किड, शेवंती, कार्नेशन अशी दमदार फुलं लावा. हायड्रेंजिया दिसायला भरघोस, पण पाण्यासाठी हावरट. बिनपाण्याची ठेवली की तासा-दोन तासांत मान टाकते. कोमेजलेली हायड्रेंजिया अख्खी पाण्यात बुडवून ठेवली तर पुष्कळदा पुन्हा उभी राहते, कारण ती पाकळ्यांमधूनही पाणी घेते. लिली हवी असेल तर तिचे परागकोश उमलताक्षणी काढायला सांगा. तो केशरी डाग कपड्यावरून निघत नाही. लागलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका, चिकटपट्टीने टिपून उचला. जिप्सोफिलाचे, म्हणजे त्या बारीक पांढऱ्या फुलांचे, ढग फोटोत छान दिसतात, पण बंद खोलीत तिचा मोठा ढीग केला तर वास नकोसा होतो. जेवणाच्या टेबलावर उग्र वासाचं काहीच नको. निशिगंध दारात शोभतो, ताटाजवळ नाही.

फुलं आदल्या दिवशी तरी आली पाहिजेत. देठ तिरके कापून, पाण्याखाली जाणारी पानं काढून ती रात्रभर थंड जागी बादलीत उभी ठेवायची. कळीचा गुलाब उमलायलाही वेळ लागतो. त्याच खोलीत पिकलेली फळं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशनला तर तो फारच बाधतो. एसीच्या झोतासमोरही फुलं नकोत.

फुलांचे देठ खोचायला पाणी शोषणाऱ्या हिरव्या फोमच्या विटा मिळतात, त्यांच्याबद्दल थोडं सांगते. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी हा फोम आणला आणि आमच्या धंद्याची पद्धतच बदलली. वापरणार असाल तर विटेला पाण्यावर सोडा आणि ती आपोआप बुडू द्या. घाईने दाबून बुडवली तर आत हवा अडकते, वरून ओली दिसणारी वीट मध्ये कोरडी राहते आणि तिथे खोचलेली फुलं दुपारपर्यंत मरतात. मात्र हा फोम प्लास्टिकचाच आहे. त्याचा चुरा पाण्यात जाऊन सूक्ष्म प्लास्टिक बनतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली. मी आता बहुतेक ठिकाणी चुरगळून गोळा केलेली तारेची जाळी आणि पाण्याचं भांडं वापरते. वेळ जास्त लागतो, पण फुलं जास्त टिकतात. वजनाचंही लक्षात ठेवा. भिजलेली एक वीट दोन किलोच्या आसपास भरते. अशा वीस विटा टांगायच्या असतील तर छताला किती भार चालतो ते विचारल्याशिवाय हात लावू नका.

६. टेबलं

पाच फुटी गोल टेबलावर आठ माणसं आरामात बसतात, प्रत्येकाला साधारण दोन फूट कड मिळते. दहा बसवली तर कोपर कोपराला लागतं. दोन टेबलांच्या कडांमध्ये पाच फूट ठेवा, नाहीतर पाठीला पाठ लागलेल्या खुर्च्यांमधून वाढपी जाऊ शकत नाही. व्हीलचेअरसाठी निदान एक तरी सलग वाट तीन फुटांची हवी. टेबलक्लॉथचं गणित सोपं आहे: टेबलाच्या व्यासात उंची दोनदा मिळवायची. साठ इंच टेबल, तीस इंच उंची, म्हणजे जमिनीला टेकणारा कपडा १२० इंचांचा. मधली फुलं एक फुटाच्या आत किंवा दोन फुटांच्या वर ठेवा. अधल्यामधल्या उंचीची फुलं बरोबर समोरच्याच्या तोंडासमोर येतात.

७. कोटेशन वाचताना

'फुलांची सजावट' एवढंच लिहिलेलं कोटेशन परत करा. खरी किती, खोटी किती? वाहतूक, रात्रीचे मजूर, जनरेटर, उतरवणी यांचे पैसे यातच की वेगळे? एका तरी टेबलाचा नमुना आधी लावून दाखवतील का? चांगला डेकोरेटर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण नंतरचे वाद तिथेच मिटतात. आणि प्रत्यक्ष त्या दिवशी हॉलवर कोण हजर असेल त्याचं नाव घ्या. बोलणी मालक करतो, काम वेगळीच माणसं करतात.

८. वेळापत्रक उलटं लिहा

पाहुणे सहाला येणार असतील तर सव्वापाचला हॉल पूर्ण तयार आणि रिकामा हवा, कारण फोटोग्राफरला सजावटीचे फोटो माणसांशिवाय घ्यायला अर्धा तास लागतो. तिथून मागे मागे या. कामाचा क्रम वरून खाली: आधी छत आणि दिवे, मग स्टेजचा सांगाडा, वायरी, कापड आणि त्याची इस्त्री, मग टेबल-खुर्च्या, सगळ्यात शेवटी फुलं. कार्पेट आधी अंथरलं तर शिडीचे पाय त्यावर उमटतात. प्रत्येक टप्प्याला जेवढा वेळ वाटतो त्याच्या दीडपट धरा.

एक डबा हाताशी ठेवा. झिप टाय, कापडी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, बारीक तार, कात्री, मासेमारीची दोरी, काळा मार्कर, दोन जादा बल्ब. पांढऱ्या कपड्यावर डाग पडला तर पांढरा खडू चोळून तेवढा वेळ निभावता येतो.

९. उतरवणी

याचं कुणी बोलतच नाही. हॉल किती वाजता रिकामा करायचा, तुमच्या घरच्या वस्तू कोणत्या आणि भाड्याच्या कोणत्या, हे एका कागदावर लिहून घरातल्या एका जाग्या राहणाऱ्या माणसाच्या हातात द्या. फोटोच्या फ्रेमा, नावाची पाटी, आजीची समई असल्या गोष्टी मध्यरात्री भलत्याच टेम्पोत जातात आणि परत मिळायला आठवडे लागतात.

फुलांचं काय करायचं तेही आधी ठरवा. माझ्या गाडीत दोन बादल्या जादा असतात. सगळं उतरवून होत आलं की खुर्च्या रचणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी हळूच येऊन विचारतं, "ताई, यातली थोडी घरी नेली तर चालतील?"