मुंबईहून दिल्लीला कामासाठी रेल्वेने जाताना आखणी कशी करावी

कामानिमित्त दिल्लीला जायचे ठरले की बहुतेकजण आधी गाडी पाहतात, तिकीट काढतात आणि मग समोरच्या पार्टीला फोन करून भेटीची वेळ मागतात. रात्रभराच्या प्रवासासाठी हा क्रम उलटा आहे. भेट कोठे आणि किती वाजता आहे हे आधी पक्के करावे, त्यावरून दिल्लीत उतरण्याचे स्टेशन ठरवावे, स्टेशनावरून गाडी निवडावी आणि तिकिटाकडे सर्वांत शेवटी वळावे. आमच्या छोट्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तयार होतात आणि त्या कामासाठी ही फेरी मला वर्षातून पाच-सहा वेळा करावी लागते. तरीही हा क्रम मी एका चुकीनंतरच शिकलो. पार्टी फरीदाबादची होती. मी सवयीने नवी दिल्लीचे तिकीट काढले, पहाटेनंतर गाडी फरीदाबादवरून न थांबता पुढे गेलेली खिडकीतून पाहिली, आणि नवी दिल्लीला उतरून त्याच फरीदाबादला सकाळच्या गर्दीतून टॅक्सीने परत गेलो.

मुंबईहून जाणाऱ्या तीन राजधानी गाड्या या दृष्टीने नीट ओळखून ठेवाव्यात. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटणारी मुंबई राजधानी सकाळी साडेआठच्या आसपास नवी दिल्लीला पोहोचते. तिच्या मागोमाग मुंबई सेंट्रलहूनच सुटणारी ऑगस्ट क्रांती राजधानी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दुपारी चारच्या सुमारास सुटणारी राजधानी या दोन्ही हजरत निजामुद्दीनला जातात आणि साडेनऊ ते दहाच्या दरम्यान पोहोचतात. कनॉट प्लेस, करोल बाग किंवा मंत्रालयांच्या परिसरात काम असेल तर नवी दिल्ली सोयीचे आहे. गुरुग्रामला जायचे असेल तरी स्टेशनाच्या अजमेरी गेट बाजूला मेट्रोची यलो लाइन मिळते आणि ती थेट तिकडे जाते. ओखला, फरीदाबाद किंवा नोएडाचे काम असेल तर निजामुद्दीनला उतरणे शहाणपणाचे ठरते, मग गाडी तासभर उशिरा पोहोचणारी असली तरी हरकत नाही, कारण तो तास रस्त्यावर भरून निघतो. नवी दिल्ली स्टेशनाला पहाडगंज आणि अजमेरी गेट अशा दोन बाजू आहेत. न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला कोणत्या बाजूला यायचे हे आदल्या दिवशीच सांगावे, नाहीतर तो एका टोकाला आणि आपण सामानासह दुसऱ्या टोकाला अशी स्थिती होते.

कल्याण, नाशिक आणि जळगावच्या लोकांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची राजधानी अधिक जवळची आहे, कारण ती त्यांच्याच स्टेशनांवर थांबते; पश्चिम उपनगरांतल्या लोकांनी मुंबई सेंट्रलपर्यंत उलटे न जाता बोरिवली गाठावे. पुण्याहून निजामुद्दीनला जाणारी दुरांतो आठवड्यातून दोनच दिवस असते, त्यामुळे पुणेकरांना भेटीचा वार गाडीच्या वारावर बेतावा लागतो. वेळापत्रक अधूनमधून बदलते म्हणून तिकीट काढताना नेमक्या वेळा पुन्हा पाहाव्यात.

आता भेटीची वेळ. गाडी पोहोचण्याची छापील वेळ आणि भेट यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, असा माझा नियम आहे. म्हणजे मुंबई राजधानीने जाणार असल्यास साडेअकराच्या आधीची वेळ मी स्वीकारत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हा नियमही पुरत नाही. मथुरेच्या पुढे धुके दाट असले की चालकाला सिग्नल दिसेपर्यंत गाडी हळू हाकावी लागते, एका गाडीमागे दुसरी अडकत जाते आणि उशीर तासांत मोजावा लागतो. अशाच एका जानेवारीत माझी अकराची भेट होती आणि अकरा वाजता मी मथुरेच्या आसपास उभ्या असलेल्या डब्यात चौथा चहा पीत होतो. तेव्हापासून हिवाळ्यात मी एक दिवस आधी पोहोचतो, किंवा काम फेब्रुवारीवर ढकलता येत असेल तर ढकलतो.

तिकिटांचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. धंद्याच्या भेटी दोन महिने आधी क्वचितच ठरतात हे खरे, पण प्रदर्शन, वार्षिक करार किंवा निविदेची तारीख आधीच माहीत असते आणि तिथे थांबण्याचे कारण नाही. राजधानीत २०१६ पासून फ्लेक्सी भाडे लागू आहे. दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की पुढच्या जागांचे मूळ भाडे एक पायरी चढते. फर्स्ट एसी त्यातून वगळलेला आहे. म्हणून उशिरा काढलेल्या सेकंड एसीच्या तिकिटाची तुलना फर्स्ट एसीशी आणि विमानाशी एकदा तरी करून पाहावी. मात्र विमानाच्या भाड्यात विमानतळापर्यंतची टॅक्सी आणि हॉटेलची एक रात्र मिळवली नाही तर ती तुलना फसवी ठरते.

वेटिंगचे तिकीट हाती असताना भेट पक्की करू नये. चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात, पण आपण मुंबईतच राहतो. आरएसी, म्हणजे बसायची जागा नक्की पण पूर्ण बर्थ नाही असे तिकीट, असेल तर गाडीत चढता येते, मात्र बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसून रात्र काढावी लागण्याची शक्यता असते आणि सकाळी दरांवर घासाघीस करायची असेल तर ती रात्र महागात पडते. मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्यांना साध्या वेटिंगऐवजी रिमोट लोकेशन किंवा पूल्ड कोट्याचे, म्हणजे मधल्या स्टेशनांसाठी राखलेल्या थोड्या जागांचे, वेटिंग मिळू शकते आणि ते कन्फर्म होण्याची शक्यता कमी असते. नाशिकरोडहून चढणाऱ्याने गरज पडल्यास तिकीट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काढावे आणि चढण्याचे स्टेशन नाशिकरोड असे नोंदवावे. थोडे भाडे जास्त जाते, पण गाडीच्या मुख्य कोट्यातून जागा मिळते. चढण्याचे स्टेशन नोंदवायला विसरल्यास आपण आलोच नाही असे समजून ती जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

संकेतस्थळावर तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी क्रमांक भरण्याचा रकाना असतो आणि घाईत तो हमखास रिकामा राहतो. वातानुकूलित वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी आकारला जातो. क्रमांक त्याच वेळी भरला तर बीजक कंपनीच्या नावाने निघते आणि वर्षअखेरीस हिशेबनिसाची बोलणी खावी लागत नाहीत.

बर्थ निवडताना क्रमांक वाचता यायला हवा. सेकंड एसीत सहा-सहा बर्थचा एक कप्पा असतो: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ बाजूचा खालचा, ६ बाजूचा वरचा, पुढे हाच क्रम चालू राहतो. थर्ड एसीत हा हिशेब आठाचा आहे आणि त्यात २ व ५ हे मधले बर्थ येतात. मधला बर्थ उघडला की खाली ताठ बसता येत नाही, त्यामुळे रात्री कागद चाळायचे असतील तर सेकंड एसीच घ्यावा. एकट्याने काम करण्यासाठी मला बाजूचा खालचा बर्थ आवडतो: पाठीला टेका मिळतो, खिडकी स्वतःची असते, पडदा ओढला की कोणी बोलायला येत नाही. उंच माणसाला मात्र तिथे पाय दुमडावे लागतात, आणि नमुन्यांची पेटी बरोबर असेल तर कप्प्यातला खालचा बर्थच बरा.

त्या पेटीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण धंद्याच्या प्रवासात सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. विनाशुल्क सामानाची मर्यादा फर्स्ट एसीत ७० किलो, सेकंड एसीत ५० किलो आणि थर्ड एसीत ४० किलो आहे. लोखंडी आणि पितळी भागांची पेटी दिसायला लहान असली तरी वजनात फसवते, म्हणून कारखान्यातच काट्यावर ठेवून पाहावी. मर्यादेपेक्षा जास्त माल आधी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावा. पेटी उभी न करता आडवी ठेवावी, बर्थखाली तिची उंची मावते का ते पाहावे, आणि खालच्या कडीतून साखळी ओवून कुलूप लावावे. भाग एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळण्यापेक्षा फोमच्या खणांत बसवावेत: पार्टीसमोर पेटी उघडली की माल मांडलेलाच दिसतो, आणि रात्री गाडीच्या हिसक्यांनी तो खडखडतही नाही. रंग, थिनर किंवा ज्वालाग्राही रसायनांचे नमुने बरोबर नेऊ नयेत; ते नेणे गुन्हा आहे. असे नमुने मालवाहतूकदाराकडून रीतसर आधी पाठवावेत. मूळ रेखाचित्रे आणि दरपत्रक मात्र पेटीत कधीच नसावे, ते उशाखालच्या पिशवीत असावे.

गाडीतून महत्त्वाचा फोन किंवा व्हिडिओवरची बैठक ठरवू नये. सुरतेपर्यंत नेटवर्क बरे मिळते, पुढे वाटेत ते केव्हा जाईल याचा नेम नसतो. सर्व फायली लॅपटॉपवर उतरवून घ्याव्यात आणि लॅपटॉप व मोबाइल रात्री ११ च्या आत चार्ज करून ठेवावेत, कारण अनेक गाड्यांत पहाटेपर्यंत सॉकेट बंद ठेवतात. जेवण तिकिटाबरोबरच निवडता येते. ते नको असल्यास घरचा डबा उत्तम.

सकाळी गाडीतच दाढी-आंघोळ उरकण्याचा हट्ट धरू नये. नवी दिल्ली स्टेशनावर पैसे देऊन वापरता येणारे एक्झिक्युटिव्ह लाउंज आहे, तिथे आंघोळ करून, कपडे बदलून, नाश्ता घेऊन निघता येते. तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकावर रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातली विश्रांतीची खोलीही, आधी आरक्षित करता येते. भेटीचा शर्ट घडी घालून नेण्याऐवजी हँगरसह पातळ पिशवीत घालून बर्थजवळच्या हुकाला टांगावा.

परतीच्या गाडीचा विचार मी शेवटी सांगतो आहे, पण जाण्याचे तिकीट काढतानाच तो करावा. दिल्लीहून मुंबईच्या या तिन्ही राजधानी गाड्या दुपारी साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान सुटतात. सकाळी पोहोचून त्याच दिवशी परतायचे असेल तर हातात जेमतेम साडेअकरा ते साडेतीन एवढा वेळ उरतो, आणि दिल्लीची पार्टी जेवल्याशिवाय सोडत नाही हे त्यात धरायला हवे. एका भेटीसाठी ही त्याच दिवसाची फेरी जमते; दोन भेटी असतील तर परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचेच काढावे. बोलणी लांबली आणि एक दिवस वाढला, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीसाठी तत्काळ तिकिटाचा आधार असतो. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी सकाळी १० वाजता खुले होते, जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याची आधार पडताळणी लागते, आणि कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केले तर परतावा मिळत नाही. अडचण एवढीच की १० वाजता आपण नेमके पार्टीच्या वाटेवर किंवा तिच्या दारात असतो. म्हणून निघण्यापूर्वीच कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे खाते आधारशी जोडून घ्यावे, त्यात आपले नाव, वय आणि बर्थची पसंती प्रवाशांच्या यादीत जतन करून ठेवावी, आणि आपण पावणेदहाला केलेल्या एका संदेशावर त्याने काम सुरू करावे असे ठरवून ठेवावे.