रणजीची नवी रचना कागदावर मांडताना

नोव्हेंबर 2024 मध्ये रणजी करंडकात पर्वरीला गोव्याने अरुणाचल प्रदेशला 84 धावांत गुंडाळलं. मग स्नेहल कवठणकर (314) आणि कश्यप बखले (300) यांनी 606 धावांची अखंड भागीदारी रचली आणि गोव्याने 2 बाद 727 वर डाव सोडला. अरुणाचलचा दुसरा डाव 92 वर आटोपला. विक्रम झाला, पण अशा सामन्यातून कुठल्याच संघाचा कस लागत नाही. रचना बदलायची ती तुल्यबळ संघ समोरासमोर यावेत म्हणून, एवढं आधी पक्कं करा.

मग दिवस मोजा. आठ संघांच्या गटात प्रत्येकाचे 7 आणि गटाचे 28 सामने होतात. एलिट या वरच्या विभागाच्या चार गटांचे 112. चार दिवसांचा सामना आणि मध्ये तीन दिवस धरले तर सात फेऱ्यांना 46 दिवस लागतात, चार दिवस धरले तर 52. प्रवास आणि वेगवान गोलंदाजांची पाठ लक्षात घेता 52 च धरा. दिवस वाचवायला सामने मात्र कापू नका. 2021 च्या वाढीनुसार मानधन अनुभवाप्रमाणे दिवसाला 40 ते 60 हजार. एक सामना गेला की अकरातल्या खेळाडूचे 1.6 ते 2.4 लाख बुडतात. आयपीएल न मिळालेल्यांचं घर याच पैशांवर चालतं.

आता मुख्य बदल. एलिटच्या 32 संघांचे सारख्या दर्जाचे चार गट करण्याऐवजी वर 16, खाली 16 असे दोन स्तर करा. प्रत्येक स्तरात आठ-आठचे दोन गट. सामने 112 च राहतात, एकही दिवस वाढत नाही. क्रमवारी मागच्या तीन हंगामांच्या सरासरीवर काढा; एकाच हंगामावर काढली तर पावसात सामने गेलेला संघ नाहक खाली जातो. वरच्या स्तरात 1, 4, 5, 8, 9, 12, 13, 16 एका गटात आणि उरलेले दुसऱ्यात टाका. दोन्हीकडच्या क्रमांकांची बेरीज 68 येते. उपांत्यपूर्व फेरीला वरच्या प्रत्येक गटातले पहिले तीन आणि खालचे दोन गटविजेते घ्या. दर हंगामानंतर वरच्या स्तराच्या दर गटातून दोन संघ खाली, खालच्या स्तराच्या दर गटातून दोन वर. 2025-26 पासून एलिटमधून एकच संघ प्लेट या खालच्या विभागात घसरतो, त्यामुळे शेवटच्या फेरीत मधल्या संघांना खेळायला कारणच उरत नाही.

गुणांना हात घालाच. सध्या निर्णायक विजयाचे 6, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीचे 3. आघाडी मिळाली की संघ विजयामागे धावत नाहीत. बाद फेरीत तर सामना अनिर्णित राहिला की आघाडीच निकाल लावते. 2024-25 मध्ये केरळ उपांत्यपूर्व फेरीत 1 आणि उपांत्य फेरीत 2 धावांच्या आघाडीवर पुढे गेलं. अहमदाबादच्या त्या उपांत्य सामन्यात गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका फलंदाजाजवळ उभ्या शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला, स्लिपमध्ये झेलला गेला आणि केरळच्या 457 विरुद्ध गुजरातच्या 455 वर अंतिम फेरी ठरली. आघाडीचे 2 गुण करा, विजयाचे 8.

शेवटी घरची मैदानं. सात सामन्यांत कुणाला चार घरचे मिळतात, कुणाला तीन. पुढच्या वर्षी ते उलटवा. उत्तरेतले सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकून घ्या, कारण जानेवारीत धुक्यामुळे पहिलं सत्रच वाया जातं. मुंबई, गोवा, केरळ यांचे घरचे सामने परतीच्या पावसानंतरच लावा.