कोलोरॅडोत गांजाच्या गोळ्यांचं लायसन्स हवंय? आधी पासपोर्ट दाखवा

डेन्व्हरमध्ये गांजायुक्त गोड गोळ्यांच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. त्यामुळे मराठी मंडळींच्या जेवणात कुणीतरी ताट घेऊन शेजारी येतंच. "ताई, आपली आंबा बर्फी 'तसली' करून विकली तर?"

मी आधी पासपोर्ट कुठला ते विचारते. राज्यात २०१४ पासून गांजाची दुकानं उघडी असली, तरी केंद्राचा कायदा वेगळा. एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर या धंद्यात भागीदारीच काय, नोकरीही करू नका. ती नागरिकत्वाच्या आड येऊ शकते, असं इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगून ठेवलंय. वकिलावर पैसे घालायचे तर इथे घाला.

नागरिक आहात? मग गाव बघा. परवाना राज्याचा लागतो आणि गावाचाही, आणि गाव चक्क नाही म्हणू शकतं. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराने औषधापलीकडच्या सर्वसामान्य विक्रीला होकार दिला तो थेट २०२४ च्या मतदानात. गावाचा नियम न वाचता जागेचं भाडं सुरू करणारे महाभाग आहेत! बोटांचे ठसे, मालकांची चौकशी वगैरे नंतर ओघाने होतंच.

आता बर्फी. आंब्याची चव चालेल, आकार नाही. माणूस, प्राणी, फळ यांच्या आकाराच्या गोळ्यांवर ऑक्टोबर २०१७ पासून बंदी आहे. बाजारातली तयार मिठाई आणून तिच्यावर गांजाचा अर्क फवारणंही चालत नाही.

खरी मेख मात्र मात्रेत आहे. एका वेळी खायच्या वाट्यात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य), पाकिटात १००. होळीच्या भांगेसारखं अंदाजपंचे दाहोदरसे नाही. अर्क तेलकट, मिश्रण पाणचट. ढवळणं थांबलं की तेल वर येतं आणि एका ट्रेमध्ये फिक्या गोळ्या, दुसऱ्यात जहाल. म्हणून तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं लेसिथिन घाला, शेवटचा साचा भरेपर्यंत ढवळायचं पॅडल चालू ठेवा आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या ट्रेमधल्या गोळ्या वेगवेगळ्या तपासा. लेबलवरच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर माल अडकला. खाल्लेला गांजा चढायला दोन तासही लागतात. तेवढ्यात माणूस "काहीच होत नाही" म्हणून दुसरी गोळी तोंडात टाकतो, आणि ती नेमकी जहाल निघते.

पाकीट पोरांना उघडता येणार नाही असंच घ्या. उद्गारचिन्ह आणि टीएचसी ही अक्षरं असलेली, पत्त्यांतल्यासारखी चौकट लेबलवर हवीच, शिवाय शक्य तिथे प्रत्येक गोळीवरही. साचे मागवतानाच ती कोरून घ्या.