तीन कामं करणारं क्रिएचर कार्ड कसं जोखावं

"भाऊ, हे एकटं तीन कार्डांचं काम करते!" असं म्हणत कोणी पोट्टं मोबाइल पुढे करतं तेव्हा मी एवढंच विचारतो: एका वेळी किती कामं करते? 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळात नव्या खेळाडूंना दिला जाणारा सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे 'जितके पर्याय जास्त, तितकं कार्ड भारी'. हा सल्ला ऐकून वाइल्डकार्डं (मोबाइलवरच्या खेळात हवं ते कार्ड घ्यायची कुपनं) उडवलेले बरेच जण ओळखीचे आहेत.

लेख हा खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे. मॅना (कार्ड टाकायचा खर्च), लँड (मॅना देणारी कार्डं), क्रिएचर (लढणारी कार्डं), त्यांची पॉवर (मार) आणि टफनेस (टिकाव) हे ठाऊक आहे असं धरतो. आमच्याकडे वरुड-मोर्शीच्या बाजूच्या खेड्यांत कार्डांचं दुकान नाही, त्यामुळे खेळ दोन ठिकाणी चालतो. एक मोबाइलवरच्या अरीनात (खेळाच्या अधिकृत अ‍ॅपवर), दुसरा झेरॉक्स काढून कापलेल्या कार्डांवर घरच्या ओसरीत. (अधिकृत स्पर्धेत झेरॉक्स चालत नाही, ओसरीत सगळं चालतं.) झेरॉक्स चुकली तर कागद वाया जातो. अरीनात मात्र वाइल्डकार्ड देऊन घेतलेलं कार्ड मोडून वाइल्डकार्ड परत मिळत नाही. म्हणून जोखणं आधी.

जोखण्याची पहिली पायरी सोपी आहे. मजकुरावर अंगठा ठेवा आणि नुसते आकडे बघा. १९९३ च्या पहिल्या संचातलं ग्रिझली बेअर्स दोन मॅनात २/२ (पॉवर दोन, टफनेस दोन) देतं, बाकी कोरं. आजच्या मानाने ते साधंच, पण खालची रेघ म्हणून पुरतं.

मग रंग. दोन रंग मागणारं कार्ड तुमच्या लँडवर वेळेत उतरणार नसेल तर पुढचं वाचूच नका.

आता खरी अडचण, आणि मलाही हीच पायरी उशिरा उमजली. 'यापैकी एक निवडा' असं लिहिलेल्या कार्डातल्या ओळींची बेरीज करायची नसते. प्रत्येक ओळ कार्डावर एकटीच छापली आहे असं समजून तिची वेगळी किंमत लावा. मग बघा, सगळ्यात वाईट डावात हातात काय उरतं. कार्डाचा भाव तिथे ठरतो.

२०१८ च्या गिल्ड्स ऑफ रॅव्हनिका संचातलं नाइट ऑफ ऑटम घ्या. एक हिरवा, एक पांढरा आणि एक कोणताही, असे तीन मॅना, अंग २/१. उतरताना तीनपैकी एक निवडायचं: स्वतःवर दोन +१/+१ काउंटर (पॉवर-टफनेस एकेकाने वाढवणाऱ्या खुणा), किंवा एक आर्टिफॅक्ट वा एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी वस्तू वा जादूची कार्डं) नष्ट, किंवा चार लाइफ (खेळाडूचे जीव-गुण). समोर फोडायला काही नाही, लाइफही भरपूर आहे, तरी तीन मॅनात ४/३ मिळतं. रिकामा हात कधीच नाही. समोरचा आगीचे मंत्र फेकत असेल तर चार लाइफ म्हणजे जवळजवळ त्याचं एक कार्ड वाया. एन्चांटमेंट अडकून बसलं असेल तर तेही जातं.

आता शेजारी रेक्लमेशन सेज ठेवा. तीन मॅना, तेच २/१, आणि तेच आर्टिफॅक्ट-एन्चांटमेंट नष्ट करणं. समोर लक्ष्य असेल त्या दिवशी दोन्ही कार्डं सारखीच दिसतात. लक्ष्य नसेल त्या दिवशी सेज म्हणजे तीन मॅनाचं २/१, जे समोरच्या दोन मॅनाच्या क्रिएचरपुढे टिकत नाही. फरक इथे आहे. बैल घेताना तो बंडी कशी ओढतो ते माणूस बघतोच, पण डवऱ्याला जुंपल्यावर सरी तुडवत असेल तर भाव पाडतो. कार्डाचाही भाव असाच पाडायला शिका.

वाईट डाव बघून झाला की वेळ बघा. कोणतं काम कोणत्या टर्नला लागतं? २००७ च्या लॉरविनमधलं मलड्रिफ्टर पाच मॅनाचं उडणारं २/२ आहे आणि उतरताना दोन कार्डं देतं. पण 'इव्होक'ने ते तीन मॅनातही टाकता येतं: दोन कार्डं मिळतात, अंग मात्र मरतं. तीन मॅनात दोन कार्डं म्हणजे डिव्हिनेशन या साध्या मंत्राचा नेमका भाव. म्हणजे तिसऱ्या टर्नला ते चालू कार्ड आहे आणि पाचव्याला फार चांगलं. लॉरविनमध्ये हे कॉमन, म्हणजे सहज मिळणारं, होतं. त्यामुळे दुर्मिळ कार्डावरच्या चिन्हाचा सोनेरी रंग बघून हुरळू नका.

काही कार्डांत मात्र 'किंवा' नसतं, कामं एकामागून एक होतात. २०१९ च्या थ्रोन ऑफ एल्ड्रेनमधला बोनक्रशर जायंट आधी दोन मॅनाच्या 'स्टॉम्प'ने दोन डॅमेज करतो, मग एक्झाइलमधून (खेळाबाहेर काढलेल्या कार्डांच्या जागेतून) तीन मॅनात ४/३ म्हणून उतरतो. इथे बेरीज करायला हरकत नाही. फक्त एक बजावून सांगतो: स्टॉम्प काउंटर झाला (समोरच्याने मंत्र लागण्याआधीच रद्द केला), किंवा तो लागण्याआधीच त्याचं एकमेव लक्ष्य नाहीसं झालं, तर राक्षसही थेट ग्रेव्हयार्डात (वापरून संपलेल्या कार्डांच्या ढिगात) जातो. मंत्र रद्द करणं हे निळ्या रंगाचं काम, म्हणून समोर निळ्या रंगाचे दोन लँड मोकळे दिसत असतील तर हात आवरा.

दुसरी सक्त ताकीद. उतरतानाचं काम मर्जीचं आहे की सक्तीचं, हे वाचल्याशिवाय कार्ड डेकात घेऊ नका. रेक्लमेशन सेजचं मर्जीचं आहे. लॉरविनच्याच श्रीकमॉचं सक्तीचं: काळं नसलेलं, आर्टिफॅक्ट नसलेलं एक क्रिएचर नष्ट करा. समोर सगळी काळी फौज आणि तुमच्याकडे एकच हिरवं क्रिएचर, तर ते हिरवंच मरणार. समोरचा मग हसत बसतो.

पुढे खेळाचा प्रकार बघा. रात्रीच्या लाइनीवर पंप सुरू करून धुऱ्यावर बसलेला माणूस अरीनात एकाच डावाची मॅच खेळतो, कारण नेटवर्कचा भरवसा नसतो. एका डावात साइडबोर्डवरून (दोन डावांच्या मधे बदलायच्या राखीव कार्डांतून) कार्ड बदलायला दुसरा डावच येत नाही. जे फोडायचं ते मुख्य साठ कार्डांतूनच, म्हणून नाइटसारखं कार्ड इथे जास्त मोलाचं. तीन डावांच्या मॅचमध्ये पंधरा कार्डांचा साइडबोर्ड असतो. तिथे एकाच कामाचं पण स्वस्त कार्ड पहिल्या डावानंतर आत आणता येतं, आणि बहुगुणी कार्डाची ऐट थोडी उतरते.

शेवटी चाचणी. एकदम चार प्रती घेऊ नका, दोन घ्या. दर वेळी कार्ड खेळलं की कोणतं काम केलं ते वहीत टिपा, आणि हातात सडलं तर तेही. पानभर एकच काम लिहिलेलं दिसलं तर ते एकच काम कमी मॅनात करणारं कार्ड शोधा. सेजही फेकून देऊ नका. ओसरीतल्या झेरॉक्स डेकात ते ठेवाच, कारण तिथे समोर चुलतभाऊ बसलेला असतो आणि त्याच्या डेकात आर्टिफॅक्ट किती आहेत हे सगळ्या घराला माहीत असतं.