सिझेरियननंतर कुणाकडे काय: ड्यूटी लावताना

छोट्या प्रसूतिगृहात ‘सिस्टर बघतील’ या दोन शब्दांत ऑपरेशननंतरची सगळी कामं कोंबलेली असतात. ड्यूटी लावतानाच प्रत्येक कामापुढे नाव लिहा.

पहिले चार तास बाईसाठी एक सिस्टर ठरलेली हवी, आणि बाळासाठी दुसरी. पहिला तास दर १५ मिनिटांनी, पुढचे तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, रक्तस्राव, गर्भाशय टणक आहे का आणि युरिन बॅग बघायची. आकडा तिथेच चार्टवर. (चारही ओळींत १२०/८० एकाच पेनाने दिसलं की समजावं, नंतर भरलंय.)

फसगत होते पॅडवर. उताण्या निजलेल्या बाईचं रक्त कमरेखाली ओघळतं आणि पॅड जवळजवळ कोरडं राहतं. स्पायनलमुळे (कमरेखाली बधिर करणारी भूल) तिला ओलं कळतही नाही. म्हणून कमरेखाली हात घालून चादर चाचपायची. गर्भाशय मऊ आणि वर सरकलेलं लागलं तर आत रक्ताच्या गाठी साचल्या असतील. नाडी ११०च्या वर, वरचं बीपी ९०च्या खाली, लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी, यातलं एक जरी दिसलं तरी सिस्टरने लगेच ड्यूटी डॉक्टरला बोलवायचं.

भूलतज्ज्ञांना बरेचदा पुढच्या केसला जायचं असतं. निघण्याआधी वेदनाशामकाचा पुढचा डोस आणि पाणी कधी द्यायचं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

बाळाची सिस्टर पहिल्या तासात अंगावर पाजायला लावते. कुशीवर वळवून बाळ धरलं की टाक्यांवर भार येत नाही. हिपॅटायटिस बीची लस २४ तासांच्या आत.

मावशी स्वच्छता बघतील, कूस बदलायला मदत करतील. सलाईन आणि ड्रेसिंगला हात लावणार नाहीत. पहिल्यांदा उठवताना पायांत जोर आलाय ना, हे सिस्टरने बघायचं. आधी पाय खाली सोडून बसवायचं, मग दोघींनी धरून उभं करायचं. एकट्या नातेवाइकावर सोडलं की बाई चक्कर येऊन पडते.

ड्यूटी बदलताना ओव्हर (पुढच्या सिस्टरला द्यायची पेशंटची माहिती) खाटेपाशी द्या, टेबलावर नको.

घरी सोडताना आशाताईंना कळवण्याचं काम इन्चार्ज सिस्टरकडे. सिझेरियनला त्यांच्या भेटी ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. कार्डावर पत्ता सासरचा असतो आणि बाळंतीण जाते माहेरी, तेव्हा कोणत्या गावी जाणार हे विचारूनच त्या गावच्या आशाताईंना फोन करा.