त्रिशुंड गणपतीपर्यंत माणसं कशी आणली

बाहेरगावचा पाहुणा शनिवारवाडा बघतो, दगडूशेठला हात जोडतो, बाकरवडी घेतो अन् निघतो, सोमवार पेठेत कोण फिरकतंय. आमच्या पेठेच्या फेसबुक ग्रुपवर इथल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळाचे फोटो पडायचे, खाली ढीगभर 'खूप छान', पण प्रत्यक्ष येणार कोणी नाही, कारण तिथं बघायचं काय अन् पोचायचं कसं हेच पोस्टमध्ये नसायचं.

मग एका पोस्टला एकच गोष्ट असं ठरवलं. पहिल्यांदा दर्शनी भिंतीवरचं शिल्प, इंग्रज शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधतोय ते, झूम करून टाकलं आणि विचारलं, पेठेत गेंडा कुठंय सांगा. झालं, लोक वाद घालायला लागले (पुणेकरच ते!). नंतर मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती, १७५४ ला सुरू झालेलं बांधकाम, आतले संस्कृत-फारसी शिलालेख असं एकेक. प्रत्येक पोस्टखाली मॅपची लिंक अन् गाडी कुठं लावायची तेही. मॅपवरचा पिन भलत्याच गल्लीत होता, तो दुरुस्ती सुचवून सरकवून घेतला, खरा फरक त्यानेच पडला.

आता रविवारी सकाळी लोक पोरांना घेऊन गेंडा शोधत येतात. गाभाऱ्यात सेल्फी नको हे मात्र दर वेळी लिहावंच लागतं.